नमुना दुकानातल्या पांढऱ्या गोळ्या

माझी मावशी विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकवायची. तिच्या खोलीबाहेरच्या पाटीवर नाव आणि त्यामागे पदव्यांची लांबलचक शेपटी होती, पण विद्यार्थ्यांमध्ये तिचं नाव एकच: मात्राबाई. कुणी कितीही सुरेख उत्तर दिलं तरी ती चष्म्यावरून बघून म्हणायची, "ते झालं. मात्रा किती?" एका मुलाने तोंडी परीक्षेत घाबरून "पुरेशी" असं सांगितलं होतं. "पुरेसं तुझी आई वाढते ताटात. औषध आकड्यात असतं," असं म्हणून तिने त्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं.

शिकवायला लागण्याआधी ती काही वर्षं एका इस्पितळाच्या औषधखिडकीवर होती. खिडकीपलीकडचा माणूस सगळ्याला मान डोलावतो आणि घरी जाऊन भलतंच करतो, हे ती तिथे शिकली. डोळ्यांत घालायचे थेंब चहात घालून प्यायलेला एक गृहस्थ तिला चांगला आठवत होता. त्यांची तक्रार एवढीच, की चहा बिघडला, डोळे काही सुधारले नाहीत.

म्हणून विभागात तिने भांडूनतंडून नमुना दुकान उभं केलं. तळमजल्यावर एक अडगळीची खोली होती, तिचं एक दार आतल्या व्हरांड्यात उघडायचं आणि दुसरं बाजूच्या गल्लीत. तिथे तिने काउंटर घातला, भिंतभर फळ्या लावल्या, फळ्यांवर रिकामी खोकी रचली, दारावर खऱ्यासारखी पाटी लावली. खोटे पेशंट म्हणून हौशी नाटकवाले यायचे. त्यांना दुखणं पाठ करून दिलेलं असायचं आणि मुलांनी त्यांना औषध नीट समजावून द्यायचं. पाकिटांतल्या पांढऱ्या गोळ्या मुलांनीच प्रयोगशाळेतल्या यंत्रावर पाडलेल्या असत. दुधातली साखर, थोडा स्टार्च, बाकी काही नाही. नियम एकच: पेशंटने जाताना पाकीट परत द्यायचं. दुकानातलं काहीही बाहेर जाता कामा नये.

त्या परीक्षेच्या दिवशी पंखा बंद पडला होता. खोलीत जीव गुदमरायला लागला, म्हणून कुणीतरी गल्लीकडचं दार उघडं ठेवलं. मावशी शेजारच्या खोलीत, एका बाजूनेच दिसणाऱ्या काचेमागे गुण द्यायला बसली होती. आवाज एका छोट्या स्पीकरमधून यायचा. त्या वेळचा प्रश्न सोपा होता: एक वयस्कर बाई नवऱ्यासाठी झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन येतील, त्यांना गोळी कशी द्यायची ते सांगा.

आणि एक वयस्कर बाई आल्या. करडा स्वेटर, अशा उकाड्यातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेली. त्यांनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि तळहाताने सपाट केली. समोर जी मुलगी होती तिला वर्गात घाईगर्दी म्हणायचे. तिने चिठ्ठीवरून घाईघाईने नजर फिरवली, तारीख बघितलीच नाही. मावशीने तिथल्या तिथे दोन गुण कापले.

"औषध कुणासाठी आहे, आजी?"

"ह्यांच्यासाठी. झोप लागत नाही ह्यांना."

"कधीपासून?"

"जन्मभर रात्रपाळी केली ना. पाण्याच्या पंपावर होते. दुपारचे झोपायचे. आता दुपार झाली की नुसत्या येरझाऱ्या."

"जेवण कसं आहे त्यांचं?"

"जेवत नाहीत. पाणी तेवढं लागतं."

"दुसरी औषधं चालू आहेत का काही?"

"होती की. सगळी बंद झाली."

"डॉक्टरांनी बंद केली?"

आजींनी स्वेटरचं वरचं बटण चाचपलं. "हो. म्हणाले, आता गरज नाही."

"ह्या गोळीने तोल जाऊ शकतो, बरं का. म्हातारपणी पडायची भीती असते."

"नाही गं," आजी म्हणाल्या. "पाय फार हलके झालेत त्यांचे."

काचेमागे मावशी खूश झाली होती. ह्यातलं बरंच तिने दिलेल्या मजकुरात नव्हतं. बाई काय काम करतात, असं तिच्या मनात आलं. घाईगर्दीने पाकिटावर चिकटपट्टी लावली, झोपायच्या आधी एक, पाण्याबरोबर, विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन नाही, असं सगळं बिनचूक सांगितलं. आजी म्हणाल्या, "स्वतःहून नाही घेणार ते. उशाशी ठेवीन." मग पाकीट स्वेटरच्या खिशात घालून, घाईगर्दी ते परत मागायच्या आत, त्या गल्लीच्या दाराने निघून गेल्या.

थोड्याच वेळात आतल्या दारातून नाटकवाल्या बाई धापा टाकत आल्या. "मॅडम, माफ करा हं, बस मध्येच बंद पडली. माझा प्रवेश हुकला का?"

मावशी खुर्ची सारून उठली. ती गल्लीत धावली. गल्लीत ऊन होतं आणि एक उभी करून ठेवलेली सायकल, बाकी कुणी नाही.

साखरेने कुणाला काही होत नाही, हे तिला कळत होतं. तिला भीती त्या न दिसलेल्या माणसाची वाटत होती. जेवत नाही, बाकीची औषधं बंद, झोप नाही, आणि आता झोपेच्या औषधाऐवजी साखर. असा माणूस घरात पडून असेल तर त्याला कुणीतरी बघायला हवं होतं. चिठ्ठी काउंटरवरच राहिली होती, तिच्यावर पत्ता होता. दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा तास आटोपून ती निघाली.

घर एका कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर होतं. लाकडी जिना, लाकडी जमीन, पाऊल टाकलं की खालपर्यंत कळावं अशी. आजींनी दार उघडलं आणि आधी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. झोपलेत."

"आजी, मी कालच्या त्या दुकानातून आले. मला त्यांना जरा बघू द्याल?"

"या ना. पण उठवू नका हं."

त्यांनी आतलं दार आवाज न करता ढकललं. खिडकीला जाड पडदा होता. उजेड तपकिरी झाला होता. पलंगावर चादर अशी ताणलेली, की एक सुरकुती नाही. उशाशी स्टूल, स्टुलावर रिकामी बशी आणि अर्धा ग्लास पाणी. पलंगाखाली पुरुषाच्या चपला. पलंगावर कुणीही नव्हतं.

मावशीने मला सांगितलं, की तिची नजर आधी बाथरूमचं दार शोधू लागली. म्हाताऱ्या माणसाला आत वेळ लागतो. पण त्या खोलीला दुसरं दारच नव्हतं.

"बघितलंत?" आजी तिच्या कानाशी कुजबुजल्या. "केव्हापासून कूस बदललेली नाही. तुमच्या त्या मुलीला सांगा, गुण आला म्हणून."

मावशी काहीतरी गुळमुळीत बोलून बाहेर पडली. जिन्यात तिला आजींचा मुलगा भेटला. तो जवळच चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायचा आणि दुपारी जेवायला घरी यायचा. मावशीने आपण कोण ते सांगितलं. तो कठड्याला टेकला.

"बाबांना जाऊन वर्ष होत आलं," तो म्हणाला.

"मला तसंच वाटलं. चिठ्ठीही जुनीच होती. आईंना डॉक्टरांना दाखवलंत का?"

"काय सांगून दाखवू, मॅडम? आईला भास होतात म्हणून सांगायला गेलो, तर मलाही होतात हे सांगावं लागेल."

मावशीने वर दाराकडे बघितलं.

"पलंगापासून खिडकीपर्यंत जातात. खिडकीपासून दारापर्यंत येतात. दारापाशी थांबतात. मी रोज इकडे बाहेर बसून जेवतो आणि रोज ऐकतो. शेवटी शेवटी आजारात तसेच चालायचे. डोळा लागत नव्हता त्यांना. गेले तेसुद्धा उभ्या उभ्याच, खिडकीचे गज धरून." त्याने आवाज खाली आणला. "काल नाही ऐकलं. आजही इथपर्यंत आलो, तरी काही ऐकू येत नाही." तो अगदी साध्या, कुठल्याही गिऱ्हाइकाच्या आवाजात म्हणाला, "पाकीट संपलं की पुढचं कुठे मिळेल?"

घरी आल्यावर तिने हे काकांना सांगितलं. काका म्हणजे तिचे यजमान, जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले आणि कशाचीही टिंगल करणारे. ते म्हणाले, "गेलेल्या माणसाला साखर दिलीस, एक बरं, मधुमेहाची भीती नाही." मावशी हसली नाही. तेव्हा काकांनीही वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि म्हणाले, "तू परत जाऊ नकोस तिकडे."

ती गेली नाही. पण आजी आल्या. दुकानात तास चालू होता, एक मुलगा खोकल्याच्या औषधाचं पाठांतर म्हणून दाखवत होता, आणि गल्लीच्या दारावर कुणीतरी बोटाच्या पेराने वाजवलं. मावशीने काचेतून करडा स्वेटर बघितला. तिने मुलांना व्हरांड्यात पाठवलं आणि स्वतः काउंटरमागे जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांनी खिडकीच्या त्या बाजूला.

"आजी, बसा. तुम्हाला एक खरं सांगायचंय. हे दुकान खरं नाही. त्या गोळ्यांत औषध नाही. दुधातली साखर आहे नुसती."

"ठाऊक आहे मला," आजी म्हणाल्या. "एक जिभेवर ठेवून बघितली होती."

"मग?"

"मग काय? ह्यांना कडू औषध कधी सोसलंच नाही." त्यांनी रिकामं पाकीट काउंटरवर ठेवलं. "संपल्या. आणि आता पहिल्यापेक्षा वाईट झालंय, बाई. पूर्वी दारापाशी येऊन थांबायचे. आता कडी हलवतात."

मावशी मला म्हणाली, की पुढचं वाक्य तिने ठरवून उच्चारलेलं नव्हतं. तीस वर्षं वर्गात बोलून बोलून ते जिभेवर तयारच होतं. झोपेची गोळी अचानक थांबवली की गेलेला त्रास दुप्पट होऊन परत येतो, हे ती दरवर्षी फळ्यावर लिहायची.

"एकदम बंद केलीत ना," ती म्हणाली, "म्हणून."

बोलून झाल्यावर तिला आपण काय बोललो ते कळलं. पण आजींच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली, की तिला ते मागे घेववेना. इतक्या दिवसांत त्या बाईंच्या दुखण्याला कुणीतरी पहिल्यांदाच दुखण्यासारखं उत्तर दिलं होतं.

"मग काय करायचं?"

"हळूहळू सोडवायची. आधी पुन्हा पूर्ण. मग अर्धी. मग पाव. मग एक दिवसाआड. शेवटी बंद. मी सांगेन तसंच करायचं, मनाने कमीजास्त नाही."

"आणि बंद झाली की ते?"

"ते बघू," मावशी म्हणाली. आणि तिने फळीवरून नवं पाकीट काढलं.

पहिली अर्धी गोळी द्यायच्या दिवशी मावशी स्वतः गेली. काकांना तिने परीक्षकांची बैठक आहे असं सांगितलं. हे का केलंस, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मात्रा बदलायच्या दिवशी पेशंटला बघायचं असतं." आणि मग चष्मा पुसत, "मला बघायचं होतं, गं."

मुलगा कामावर होता. जेवायला येऊ नकोस, असं मावशीने त्याला निरोप पाठवून सांगितलं होतं. तिने अर्धी गोळी स्वतः बशीत ठेवली, ग्लास काठोकाठ भरला, दार ओढलं आणि बाहेरून कडी लावली. मग ती आणि आजी बाहेरच्या खोलीत टेबलापाशी समोरासमोर बसल्या. आजींनी दोन्ही हात टेबलावर ठेवले होते. तसे ठेवायला मावशीनेच सांगितलं होतं.

खालून कानशीचा आवाज येत होता, कुलूपवाला किल्ली घासत होता. तो थांबला. तो थांबल्यावर आत कुणीतरी चालतंय हे ऐकू आलं.

पावलं जड नव्हती. अनवाणी माणूस लाकडावरून, कुणाची झोपमोड होऊ नये म्हणून जपून चालेल, तशी होती. पलंगाकडून खिडकीकडे. खिडकीकडून दाराकडे. दारापाशी थांबली. मावशी कडीकडे बघत होती. कडी हलली नाही, पण दाराची फळी किंचित वाजली, कुणी कपाळ टेकवावं तशी. आजींनी मान खाली घातली होती आणि त्या ओठांत पुटपुटत होत्या, "घ्या ना. ठेवलीय ना उशाशी. घ्या."

मग पावलं परत फिरली. काच बशीला लागल्यासारखा बारीक आवाज झाला. पलंगाची फळी करकरली. आणि त्यानंतर काहीच नाही. मावशी म्हणाली, ती शांतता रिकाम्या खोलीची नव्हती. झोपलेला माणूस असलेल्या खोलीची होती.

बऱ्याच वेळाने तिने कडी काढली. बशी रिकामी होती. ग्लासातलं पाणी खाली गेलं होतं. चादरीवर सुरकुती नव्हती. मावशी गुडघ्यांवर बसली आणि तिने स्टुलाचे पाय, जमिनीच्या फटी, भिंतीची कड, सगळं चष्मा लावून तपासलं. मुंग्यांची रांग नव्हती. उंदराची लेंडी नव्हती. "चपला पलंगाखाली होत्या," ती मला म्हणाली, "पण बशी ठेवायला गेले तेव्हा त्या कुठे होत्या ते मी बघितलं नव्हतं. त्यामुळे चपला पुराव्यात धरायच्या नाहीत." हे सांगताना ती थट्टा करत नव्हती.

पुढे सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पाव गोळीचा भुगा व्हायला लागला, तेव्हा मावशीने प्रयोगशाळेत हाताच्या यंत्रावर बारीक गोळ्या पाडल्या, मुगाच्या दाण्याएवढ्या. विभागप्रमुखांनी विचारलं, हे कशासाठी? "एका पेशंटसाठी," ती म्हणाली. ते समजले नाटकाचा पेशंट. आजी दर आठवड्याला येऊन सांगायच्या: आता खिडकीपर्यंतच जातात. आता नुसते पलंगावर उठून बसतात. आता कूस बदलतात तेवढीच. मावशी ऐकायची आणि पुढची मात्रा सांगायची. वर्गातल्यासारखी, आकड्यात.

शेवटी गोळी बंद झाली आणि खोलीतलं चालणंही बंद राहिलं.

त्यानंतर काही दिवसांनी आजी पुन्हा आल्या. ह्या वेळी स्वेटरची बटणं वरखाली लागली होती आणि डोळे खोल गेले होते.

"ह्यांचं छान आहे," त्या म्हणाल्या. "काही आवाज नाही. आता मला द्या काहीतरी. मला डोळा लागत नाही, बाई. किती शांत झालंय घर."

त्यांनी फळीवरच्या पांढऱ्या पाकिटांकडे बोट दाखवलं. मावशीने पाकीट काढलं नाही. तिने काउंटरची झडप उचलली आणि बाहेर आली.

"तुम्हाला मी खोटी गोळी देणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही जिवंत आहात. चला."

तिने आजींना रिक्षात घातलं आणि आपल्या जुन्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, रक्त बघितलं, नुसतं बसून बोलतंही केलं. आजींनी तिथे पहिल्यांदा "हे गेले" असं म्हटलं. मग त्या इतक्या रडल्या, की परिचारिकेने दार लावून घेतलं. मावशी बाहेर बाकावर बसून राहिली. तिचा त्या दिवशीचा तास बुडाला. तिचा तास बुडायची ती पहिलीच वेळ, असं विभागात बरेच दिवस बोलत होते.

औषधाने आणि बोलण्याने आजी हळूहळू सावरल्या. पुढे दुसऱ्या गावी राहणारी त्यांची लेक त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. तिथे नातवंडांच्या कलकलाटात त्यांना दुपारीही झोप लागते, असं मुलाने कळवलं. मावशी निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिली. ह्यातलं अक्षरही तिने वर्गात सांगितलं नाही. फक्त तेव्हापासून ती मुलांना बजावू लागली, की औषध नेणारा आणि घेणारा एकच आहे असं धरून चालू नका, घेणाऱ्याची चौकशी करा. मुलांना त्यात वावगं काही वाटलं नाही.

आजींच्या मुलाने ती आतली खोली भाड्याने दिली. भाडेकरू एक परिचारिका होती. तिलाही रात्रपाळी असायची, म्हणून दुपारी शांत खोली हवी होती. आधी ती फार खूश होती. एवढी गाढ झोप आपल्याला कुठेच लागली नाही, म्हणायची. मग तिला घड्याळाचा गजर ऐकू येईनासा झाला. मग दारावर थापा मारूनही ती उठेना. एकदा मुलगा दार तोडायच्या बेतात होता, तेव्हा ती उठून आली. "इथे कुणीतरी झोपायला लावतं," असं म्हणाली आणि त्याच आठवड्यात सामान घेऊन गेली.

मुलगा आता तिथे एकटाच असतो. त्या खोलीत त्याने काहीही ठेवलेलं नाही. दुपारी घरी जेवायला आला की तो बूट जिन्यातच काढतो, ताट टेबलावर हळूच ठेवतो, आणि खालचा कुलूपवाला कानस चालवायला लागला की जिन्यावरून वाकून त्याला हाताने खूण करतो, जरा दमानं म्हणून.